जुनी बोट कशीही असो, आधी ट्रेलर बघा

१६ फुटी ॲल्युमिनियमची बोट, मागे १९८९ चं ४० हॉर्सपॉवरचं जॉन्सन टू-स्ट्रोक आणि खाली सिंगल ॲक्सलचा ट्रेलर, असं सगळं एकत्र सेकंडहँड घेतलं आणि आता लेक सेंट क्लेअरवर बरंच वापरून झालंय. इथे मिशिगनमधे बर्फ वितळला रे वितळला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, जुनी बोट घेऊ का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. बोटीला ४ स्टार, इंजिनाला ४, आणि ट्रेलर जसा मिळाला तसा, १. तोही दया म्हणून.

बघायला जाणारे सगळे इंजिनाभोवती घुटमळतात, सुरू करून दाखव म्हणतात, फिशफाइंडर कुठला आहे विचारतात, आणि ट्रेलर म्हणजे काय, फुकट मिळतोय, असं धरून चालतात. अहो पण ७० मैलांच्या स्पीडने हायवेवर तुमच्या मागे तोच पळणार आहे ना.

विकणारा म्हणाला टायर नवे आहेत. नक्षी खरंच छान होती. पण टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं तिथले शेवटचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल, आणि याच्यावर होतं ३८०९, म्हणजे २००९ च्या सप्टेंबरमधला माल. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत हो, वर्षानुवर्षं उन्हात उभे राहून जातात, बाजूला बारीक भेगा पडतात आणि मग एक दिवस फाटतात. दोन्ही बदलले, एसटी मार्कचे घेतले, म्हणजे खास ट्रेलरचेच, वर एक स्पेअर.

मग बेअरिंग. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं तर आतून खरखर, आणि वरखाली हलवलं तर चाक डुगडुगतंय. हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंग असलेला भाग, उघडला तर ग्रीसचा रंग दुधाळ कॉफीसारखा, म्हणजे पाणी गेलेलं. हे होतं कसं ते समजून घ्या, रस्त्यावर पळून हब तापलेला असतो, रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, तुम्ही तो तसाच थंडगार पाण्यात बुडवता, आतली हवा आकसते आणि मागच्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. म्हणून नवी बेअरिंग, नवे सील आणि पुढे बेअरिंग बडी, म्हणजे हबच्या तोंडावरची ग्रीस भरायची टोपणं, बसवली. या वस्तूला मात्र ५ पैकी ५, स्प्रिंगवाला पिस्टन ग्रीसवर सतत थोडा दाब ठेवतो त्यामुळे पाण्याला आत शिरायला जागाच राहत नाही. फक्त ग्रीसगन दाबत सुटू नका, जास्त भरलं की मागचा सील बाहेर येतो आणि सगळं मुसळ केरात. आता निघाल्यावर दहा-पंधरा मैलांनी थांबून हबला हात लावतो, कोमट असला तर चला पुढे, चटका बसला तर तिथेच थांबा.

दुसरी कटकट म्हणजे ट्रेलर ५५ च्या वर गेला की शेपूट हलवायचा. गाडीचा दोष नाही, टंग वेट कमी, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीच्या हिचवर, जोडणीच्या गोळ्यावर, पडणारा भार. बोट, इंजिन, पेट्रोल, ट्रेलर सगळं मिळून साधारण १३०० पौंड, त्यातले शंभरेक तरी हिचवर पडायला हवेत, आणि बाथरूममधला वजनकाटा ट्रेलरच्या पुढच्या जॅकखाली ठेवून बघितलं तर चाळीससुद्धा भरेनात. विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा, खांब पुढे सरकवला, बॅटरी मागून पुढे आणली, झालं. पण बोट पुढे घेताना बघा हं, बंकची, म्हणजे बोट ज्यांवर टेकते त्या लाकडी पट्ट्यांची, मागची टोकं ट्रान्समच्या, बोटीच्या मागच्या भिंतीच्या, खालपर्यंत आली पाहिजेत, इंजिनाचं सगळं वजन तिथे असतं आणि खाली आधार नसला की बोटीचा तळ वाकतो.

लाइट लागत नव्हते, पांढरी वायर गंजलेली. ट्रेलरचे लाइट गाडीला जोडायच्या चारपिनी प्लगमधे पांढरी म्हणजे ग्राउंड, निम्म्याहून जास्त भानगडी तिथेच सापडतात.

इंजिनाचं थोडक्यात. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं, खालच्या गिअरचं तेल स्वच्छ, पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चक्र, मात्र न विचारता बदला, रबरी असतो आणि पाण्याशिवाय इंजिन चालवलं तर काही सेकंदात खलास. घरी चालवायचं तर मफ, म्हणजे इंजिनाच्या पाणी घ्यायच्या भोकांवर बसणाऱ्या रबरी वाट्या, लावून होज जोडा आणि मागून पाण्याची बारीक धार येतेय ना ते बघा. तेल टीसी-डब्ल्यू ३, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं, ५० भाग पेट्रोलला १ भाग. जॉन्सन ज्यांचं होतं ती ओएमसी कंपनी २००० मधे बुडाली तरी पार्ट आजही मिळतात, अडचण माणसांची आहे. जवळच्या एका दुकानाने फोनवरच सांगितलं, २० वर्षांपेक्षा जुन्या इंजिनाला हात लावत नाही, नवीन घ्या. बरं बाबा. शेवटी घरीच मॅन्युअल उघडून बसलो.

आमच्या मालवणला होडी वर घ्यायची तर खाली लाकडं टाकायची आणि किनाऱ्यावर असतील तेवढ्यांनी खेचायची, इथे रॅम्पवर मागे लाइन लागलेली असते आणि कोणी मदतीला येत नाही, उलट बघत बसतात. म्हणून पट्टे सोडणं, बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचा ड्रेन प्लग लावणं, सामान चढवणं सगळं पार्किंगमधेच उरकून घ्या, विंचचा पट्टा तेवढा पाण्याशी पोचेपर्यंत सोडू नका. आणि परत निघताना प्लग काढून पाणी पूर्ण सोडायचं, २०१९ पासून इथे तो कायदाच आहे. झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेली उपद्रवी जात, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते याच लेक सेंट क्लेअरमधे, १९८८ मधे, आणि बोटीत साचलेल्या पाण्यातून ते पुढच्या तळ्यात पोचतात.

भावाचं म्हणाल तर टायर, बेअरिंग, वायरिंग, बंकची लाकडं यांचा खर्च आधी मांडा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. विकणाऱ्यालाही माहीत असतं, थोडं तोंड वाकडं करतो, पण देतो. आणि ट्रेलरचे कागद बोटीच्या कागदांपेक्षा वेगळे असतात, दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.