लेहमधल्या अत्यवस्थ गरोदर रुग्णाचा एबीजी: बायकार्बोनेट, बेस एक्सेस की स्ट्युअर्ट?

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्ल-अल्कली यांचं मोजमाप; ते वाचायच्या तीन पद्धतींची ही तुलना. लेह साधारण ३,५०० मीटरवर. तिथेच राहणाऱ्या, दिवस भरत आलेल्या निरोगी बाईचा एबीजी या आकड्यांच्या आसपास असतो: पीएच ७.४४, कार्बन डायऑक्साइडचा दाब २६ (मिमी पारा), बायकार्बोनेट १७ (मिलिमोल/लिटर), बेस एक्सेस (अल्कली किती जास्त किंवा कमी; उणे म्हणजे आम्लाकडे झुकाव) उणे ६. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास वाढलेला, विरळ हवेमुळे आणखी वाढलेला, म्हणून मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट टाकून दिलेलं. पद्धत कोणतीही निवडा, तुलना या आकड्यांशीच करायची.

आता सेप्सिस (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) झालेली तिथलीच गरोदर रुग्ण घ्या: पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइड २६, बायकार्बोनेट १२.४.

बायकार्बोनेटची पद्धत सर्वांत सोपी, पण फसवते इथेच. विंटरच्या सूत्राने (बायकार्बोनेट उतरल्यावर कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा ते सांगणारं) १.५ × १२.४ + ८ = २६.६, म्हणजे श्वासाची भरपाई पुरेशी, असं वाटतं. ते खोटं समाधान आहे. ती एरवीही २६ वरच होती! बायकार्बोनेट साडेचारने उतरलं. प्रत्येक १ मागे साधारण १.२ धरलं तर कार्बन डायऑक्साइड २०-२१ वर यायला हवा होता. तो उतरलेला नाही, म्हणजे बाई दमत चालली आहे. श्वासनलिकेत नळी घालायची तयारी आत्ताच ठेवा, आणि व्हेंटिलेटरवर घेतल्यावर कार्बन डायऑक्साइडचं नेहमीचं ४० चं लक्ष्य ठेवू नका.

बेस एक्सेस उणे १२.५ येतो. आकडा घाबरवतो, पण खरी घसरण साडेसहाची. दर काही तासांनी कल पाहायला उत्तम. कारण सांगत नाही.

स्ट्युअर्टच्या पद्धतीला (ती आम्लता क्षार आणि प्रथिनांच्या विद्युतभारांवरून समजावते) सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), लॅक्टेट असं सगळं एकाच वेळचं लागतं. बरंच नॉर्मल सलाईन गेलं असेल तर क्लोराइडचा वाटा त्यातूनच नीट दिसतो. एरवी अल्ब्युमिन धरून काढलेला ॲनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा, न मोजलेली आम्लं दाखवणारा आकडा) पुरतो: १३६ − १०८ − १२ = १६; अल्ब्युमिन २.४, म्हणून (४ − २.४) × २.५ = ४ मिळवा, झाले २०. गरोदरपणात अल्ब्युमिन आधीच कमी असतं, त्यामुळे ही दुरुस्ती वगळली तर साठलेलं आम्ल नजरेतून सुटतं.

आमची पसंती: निदानाला बायकार्बोनेट, स्थानिक आधाररेषा आणि दुरुस्त गॅप, उपचार चालू असताना बेस एक्सेस, स्ट्युअर्ट फक्त चित्र जुळत नसेल तेव्हा.

पुण्याहून कालच विमानाने आलेल्या गरोदर पर्यटक बाईला १७ ची रेषा लावू नका. मूत्रपिंडांना जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. तिचं बायकार्बोनेट २० च्या आसपास धरा आणि ॲसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायचं औषध) घेतलंय का ते विचारा, कारण त्यानेही बायकार्बोनेट उतरतं.

नमुन्यात पातळ हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतलेलं) जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात. हवेचा बुडबुडाही लगेच काढा: लेहच्या हवेतही ऑक्सिजनचा दाब १०० च्या आसपास असतो, त्यामुळे रक्तातला ५५ चा आकडा वर सरकतो आणि खरी कमतरता झाकली जाते.