चार दिवसांची गॅरंटी

कुत्र्याच्या छत्र्या चार-पाच दिवसांत आपोआप वाळून जातात, एवढी एक गोष्ट मला माहीत असती तर माझे पैसे वाचले असते. हिरवळीचा कोपराही.

सतत पाऊस लागून राहिला होता. एका सकाळी लॉनवर पंधरा-वीस छत्र्या उभ्या दिसल्या. दुसऱ्याच दिवशी पाठीला फवारणीचा पंप लावलेला एक माणूस फाटकाशी आला. "साहेब, लॉनला बुरशी लागलीय," म्हणाला. वाकून त्याने एक छत्री अलगद उपटली. तिच्या बुडाला चिकटलेले पांढरे तंतू माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "हे आत पसरतंय. महिन्याभरात सगळं गवत खाऊन टाकेल. शिवाय याची हवा लहान मुलांना वाईट."

मुलांचं नाव निघालं आणि मी गार पडलो.

तंतू खरे होते, पण ते गवत खात नव्हते. लॉनवरच्या बहुतेक छत्र्यांची बुरशी मेलेल्या गोष्टींवर जगते: कुजकी मुळं, वाळक्या गवताचा थर, मातीत गाडलं गेलेलं लाकूड. छत्री म्हणजे तिचं नुसतं फळ. हवेचं म्हणाल तर ती थाप. धोका आहे तो तोंडात घालण्याचा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाची मोठी पांढरी छत्री लॉनवर बऱ्याचदा उगवते. वय झालं की तिच्या खालच्या पापुद्र्यांवर हिरवट छटा येते. ती पोटात गेली तर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. म्हणून घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर दिसेल ती छत्री उपटून टाकावी. त्याला फवारणी लागत नाही.

त्याने बिनलेबलची बाटली पंपात ओतली. नाव विचारलं तर "कंपनीचा माल आहे, बाजारात मिळत नाही" असं उत्तर. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. ज्या औषधाच्या बाटलीवर घटकाचं नाव नाही, प्रमाण नाही, ते आपल्या मातीत का जाऊ द्यायचं? पण तो पुढे म्हणाला, "चार दिवसांनी एक जरी छत्री दिसली तर पैसे परत." चौथ्या दिवशी खरंच एकही नव्हती. मी पैसे तर दिलेच, वर शेजाऱ्यांनाही त्याचा नंबर दिला. याची अजून लाज वाटते.

पुन्हा पाऊस झाला, पुन्हा छत्र्या आल्या. आता म्हणे ही "दुसरी जात". दुसरा डोस. मग तिसरा, "जरा कडक". त्या तिसऱ्यानंतर आठवड्याभरात एक कोपरा पिवळा पडला, मग तपकिरी. तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही.

जळलेल्या जागेकडे रोज बघता बघता लक्षात आलं की छत्र्या दर वेळी एकाच वाकड्या रेषेत येत होत्या. खुरपं घेऊन बसलो. वीतभर खाली मनगटाएवढं जाड मूळ लागलं. इथे कधीकाळी झाड होतं, ते वरून कापून बुंध्यावर माती लोटली होती. लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं बोटांनी सुटत होतं आणि आत पांढरी जाळी. पृष्ठभागावर मारलेलं औषध तिथपर्यंत पोचणार कसं! निघालं तेवढं लाकूड पाटीभर काढून टाकलं, खड्ड्यात नवी माती भरली. संध्याकाळचं पाणी बंद करून पहाटे द्यायला लागलो, तेही माती सुकल्यावरच. वाळक्या गवताचा थर दाताळ्याने ओरबाडून काढला. छत्र्या अजूनही अधूनमधून येतात, पण दोन-चारच. मुळाचे खोलवरचे तुकडे कुजून संपायला काही वर्षं जातीलच.

गोल रिंगण करून येणाऱ्या छत्र्यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे तंतूंच्या दाट थरामुळे माती पाणी धरेनाशी होते आणि गवत तहानेने मरतं. तिथेही आधी बागकामाच्या काट्याने भोकं पाडून पाणी खोल मुरवून बघावं.

हे सगळं सांगायला शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांचा दुसरा डोस आदल्याच दिवशी झाला होता. माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आमच्याकडे तर पहिल्या वेळी चार दिवसांत साफ झालं होतं."