दारू सोडणाऱ्या माणसाला टाळेबंदीत कुठे ठेवावे : घरी की केंद्रात?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दारूची दुकाने बंद झाली, तेव्हा आता व्यसन आपोआप सुटेल, असे अनेक घरांना वाटले होते. कोल्हापुरात हा प्रश्न केवळ कोरोनाच्या साथीपुरता नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हाही रुग्णाला पुण्याकडे नेण्याची वाट बंद झाली होती. त्यामुळे घर आणि व्यसनमुक्ती केंद्र यांपैकी काय निवडायचे, हे रस्ते खुले असतानाच ठरवलेले बरे.

पहिल्या चार-पाच दिवसांपुरती ही तुलनाच गैरलागू आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो आणि झोप उडते; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे दोन ते चार दिवसांत भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, जे जिवावर बेतू शकते. पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी ठेवण्याचा विचारही करू नये. ज्या केंद्रात रात्री डॉक्टर नसतो, ते या टप्प्यावर घरापेक्षा सुरक्षित नाही; इथे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासारखे रुग्णालयच हवे.

त्यानंतर मात्र खरी निवड सुरू होते. केंद्रात दिवसाला शिस्त असते आणि त्याच वाटेने गेलेली माणसे सोबत असतात, हा लाभ घर देऊ शकत नाही. पण साथीच्या काळात एका दालनात अनेकांनी राहणे म्हणजे संसर्गाची भीती आली, भेटी बंद झाल्या आणि कुटुंबाचे समुपदेशन फोनपुरते उरले. केंद्र निवडायचे असल्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खाली त्याची नोंदणी आहे का आणि रुग्णाला घरच्यांशी बोलू देतात का, हे आधी विचारावे. मारहाण किंवा कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे.

माझे मत असे, की रुग्णालयातील पहिला आठवडा पार पडल्यावर टाळेबंदीत घराचे पारडे जड होते. संध्याकाळी तालमीजवळचा कट्टा ओस असतो, ‘ये की भावा’ म्हणणारे मित्र दारात येऊ शकत नाहीत आणि ती सातची वेळ टळते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा त्या काळात ऑनलाइन झाल्या, त्यामुळे मंगळवार पेठेतल्या माणसालाही मुंबईच्या सभेत बसणे शक्य झाले. मात्र दोन खोल्यांच्या घरात बायको-मुले ऐकत असताना तो मनातले बोलणार नाही. तेवढा तासभर त्याला फोन घेऊन गच्चीवर जाऊ द्यावे आणि मागोमाग कोणी जाऊ नये.

घराची मोठी उणीव म्हणजे सारा भार एकाच बाईवर पडतो. तीच औषध देते, तीच पैसे लपवते, तीच तोंडाचा वास घेते. अशाने संसाराची चौकी होते. औषध भावाने द्यावे, पैशांचा व्यवहार आईने पाहावा आणि ही वाटणी त्याच्यासमोरच ठरावी. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध त्याच्या नकळत चहात किंवा आमटीत कधीही मिसळू नये, कारण त्यावर दारू पोटात गेल्यास जीव धोक्यात येऊ शकतो. दाराजवळच्या फळीवरचे सॅनिटायझर काढून साबण ठेवावा. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली होती.

घरात मारहाण होत असेल, किंवा आत्महत्येची भाषा निघत असेल, तर घराचा आग्रह सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. निर्णय अडला असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर घरच्यांनाही बोलता येते आणि पत्नीसाठी अल-अ‍ॅनॉन या मद्यपींच्या कुटुंबीयांच्या गटाच्या सभा वेगळ्या असतात. तो सोडो वा न सोडो, तिने त्या सुरू कराव्यात.