व्हर्च्युअल असिस्टंट व्हायचंय: गिऱ्हाईक अपवर्कवर शोधावं की ओळखीत?

कॉम्प्युटर येतो, इंग्रजीत नीट ईमेल लिहिता येतो आणि पुण्याला बिऱ्हाड हलवायचं नाही. जळगाव-धुळ्याकडच्या अशा माणसाला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून, म्हणजे घरबसल्या दुसऱ्यांची ऑफिसची कामं ऑनलाइन सांभाळून, स्वतःचं काम सुरू करायचं असेल, तर खरा प्रश्न उरतो तो गिऱ्हाईक आणायचं कुठून. एक वाट अपवर्क-फायवर या ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मची, म्हणजे परदेशी क्लायंटची. दुसरी ओळखीपाळखीची: दाणाबाजारातला व्यापारी, रावेरचा केळीवाला, भुसावळचा डॉक्टर, क्लासवाले सर. मी दोन्हीकडची कामं करते. माझा कल आधीच सांगून टाकते: पहिलं काम ओळखीतून घ्यावं, बाहेरचं त्यानंतर.

पहिलं काम

अपवर्कवर खातं फुकट उघडतं, पण कामासाठी अर्ज करायला 'कनेक्ट्स', म्हणजे विकत घ्यायची टोकनं, लागतात. एक कनेक्ट 15 सेंटचा, आणि एकेका अर्जाला ते बरेच खर्ची पडतात. अर्ज कुणी उघडूनही पाहिला नाही तरी कनेक्ट्स गेलेच. समोर स्पर्धेला फिलिपिन्सची माणसं. त्यांच्याकडे या कामाचा मोठा अनुभव आहे, अमेरिकेच्या वेळेत रात्रपाळी करण्याची सवय आहे आणि प्रोफाइलवर रिव्ह्यूंची रांग आहे. तुमच्या प्रोफाइलवर मात्र शून्य. फायवरवर अर्ज करत बसावं लागत नाही, आपली सेवा मांडून ठेवायची असते. पण रिव्ह्यू नसलेली सेवा शोधात फार खाली राहते.

ओळखीतल्या शेठजींना भेटायला असा खर्च नाही. मामांच्या नावावर चहा तरी मिळतोच. पण तिथली अडचण वेगळी: माणूस डोळ्यांसमोर खुर्चीत बसलेला दिसला नाही, तर पगार कशाचा द्यायचा हे त्यांच्या गळी उतरत नाही. 'मी ऑनलाइन असिस्टंट आहे' असं सांगून तर काहीच होत नाही. त्यांना नेमकं काम दाखवावं लागतं. केळीच्या व्यापाऱ्याचा माल दिल्लीकडे जातो आणि उधारी तिकडच्या चार बाजारांत अडकलेली असते. कुणाकडे किती थकलं, कोणत्या गाडीचं बिल राहिलं, कुणाला कधी आठवण करायची, याचं एक साधं गूगल शीट करून रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागलात, की आठवड्याभरात तेच फोन करून विचारतात, 'आजचं काहून नाही आलं?' डाळमिलवाल्याला इंडियामार्ट या ऑनलाइन घाऊक बाजारावरच्या चौकशांना त्याच दिवशी उत्तर देणारं माणूस हवं असतं. डॉक्टरांना अपॉइंटमेंट सांभाळणारं.

पैसे

आकडा निर्विवाद परदेशी कामाचाच मोठा. समजा नव्या माणसाला तासाला 5 डॉलर मिळाले आणि महिन्यात 80 तास काम झालं, तर 400 डॉलर होतात. फायवर त्यातून 20 टक्के घेतं, म्हणजे 320 उरतात. अपवर्कने मे 2025 पासून आपल्या कमिशनचा दर करारागणिक वेगळा केला आहे, 0 ते 15 टक्के. डॉलरचे रुपये होतानाही थोडं झिजतं. तरी इथला व्यापारी अर्धवेळ कामाला आठ-दहा हजारांच्या वर सहजी जात नाही, हे लक्षात घेतलं तर फरक दिसतोच.

पैसा हातात पडण्याचा हिशोब मात्र निराळा आहे. अपवर्कवर तासाच्या कामाचा आठवडा रविवारी संपतो आणि पैसे त्यानंतर साधारण दहा दिवसांनी मोकळे होतात. त्यांच्या अ‍ॅपमध्ये वेळ नोंदवून काम केलं असेल, तर क्लायंट गायब झाला तरी त्या तासांना संरक्षण असतं. ते अ‍ॅप अधूनमधून तुमच्या स्क्रीनचे फोटो काढतं, हे काहींना खुपतं. मला चालतं. फायवरवर नव्या विक्रेत्याला काम पूर्ण झाल्यावर 14 दिवस थांबावं लागतं.

इथला शेठ बुडवत नाही, लांबवतो. 'पुढच्या सोमवारी बघू' हे वाक्य पाठ होतं. यावर एक उपाय फार कमी जणांना ठाऊक आहे: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फी नाही. तुम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले असलात, तर 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे तुमचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, व्यापाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. जवळच्या गिऱ्हाइकावर कुणी तक्रार करायला जात नाही, ते ठीकच. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की मार्च महिन्यात व्यापाऱ्याचे सीए स्वतःच त्याला फोन करतात. तो फोन आपल्या दहा फोनांना भारी.

कराचं थोडक्यात: सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पावती जपून ठेवा.

घड्याळ

न्यूयॉर्कमधले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे अडीच किंवा दीड. घरात लहान मूल असेल तर इंग्लंडचा क्लायंट शोधा, अमेरिकेचा नंतर. एप्रिल-मे मध्ये जळगावला दुपारी पारा 45 च्या आसपास असतो आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. इन्व्हर्टर आणि मोबाइलचं दुसऱ्या कंपनीचं सिम हा खर्च परदेशी कामात आधीच धरावा. इथलं गिऱ्हाईक 'लाइट नाही' म्हटलं की समजून घेतं, कारण त्याच्याकडेही नसते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) ते स्वतःच फोन उचलत नाही. श्रावणातल्या आपल्या खान्देशी कानबाईच्या सणाचं विसर्जन मात्र सोमवारी येतं, आणि परदेशी क्लायंटच्या इनबॉक्सला सोमवार सगळ्यात जड. सुट्टी आठवडाभर आधी सांगितली तर बहुतेक जण कुरकुर करत नाहीत.

ओळखी

माझा कल इथेच ठरतो. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटला पहिली दोन वर्षं प्लॅटफॉर्मच्या बाहेर नेता येत नाही. न्यायचंच असेल तर त्यासाठी वेगळी फी भरावी लागते. फायवरवर तर बाहेर संपर्क साधणंच नियमात बसत नाही. तिथे कमावलेले रिव्ह्यूही तिथेच राहतात, खातं बंद झालं तर तेही गेले. म्हणजे दोन वर्षं राबूनही ओळख आपल्या नावावर चढत नाही. चढते ती प्लॅटफॉर्मच्या खात्यावर.

इथल्या एका व्यापाऱ्याचं काम नीट केलं, तर त्याचे सीए, त्याचा ट्रान्सपोर्टवाला, त्याचा सुरतेतला साडू, सगळ्यांना ते कळतं. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खान्देशी माणूस किती आहे, हे सांगायला नको. कापडाच्या धंद्याला ऑर्डरी-बिलांचा हिशोब ठेवणारं, मराठी-हिंदी दोन्ही बोलणारं माणूस लागतंच. या सगळ्यांत मी सीएला पहिला नंबर देते. कुणाची वही अस्ताव्यस्त आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दोन सीए ओळखीचे असले तर रोटरीच्या दहा सभांइतकं काम होतं. बीएनआय या एकमेकांना काम मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांच्या संस्थेत एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो, ही सोय चांगली. पण वर्गणी आणि दर आठवड्याची हजेरी नव्याला जड जाते. दोन-तीन गिऱ्हाइकं झाल्यावर बघा.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती लोक विसरतात. तुमच्याबरोबर जळगाव, धुळे, शिरपूरच्या कॉलेजात शिकलेली मुलं आता पुण्यातल्या लहान एजन्सींत किंवा परदेशात आहेत. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर जाऊन शहरानुसार माजी विद्यार्थी काढता येतात. त्यांना 'काही काम असेल तर सांगा' असं पाठवू नका. 'इथल्या डाळमिलचं इंडियामार्टचं काम मी सांभाळते, तुमच्या क्लायंटांत असं कुणी आहे का' असं लिहा. दाखवायला इथलं एक काम असलं, की उत्तर येतं. म्हणूनच पहिलं काम इथलं.

अपवाद आहेतच. घरी कुणाला सांगायचं नसेल, नात्यातल्या गिऱ्हाइकाकडे पैसे मागायची लाज वाटत असेल किंवा इंग्रजी बोलणं उत्तम असेल, तर सरळ अपवर्कवर जा, तीन-चार महिने कोरडे जातील हे धरून. आणि कोणत्याही वाटेने गेलात तरी 'आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग टायपिंगचं काम देऊ' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पुढे करार मोडल्याची नोटीस धाडून हेच लोक आणखी पैसे उकळतात.