सोलर की गिझर?

गुहागरला आतेभाऊ घर बांधतोय. घर तापवायची गरज आपल्याकडे नाहीच, अडलंय अंघोळीच्या पाण्यावर: गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवायचा की विजेचा गिझर.

आधी विजेचा हिशेब. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं. गार पाणी मिसळलं की दोन बादल्या. म्हणजे माणशी एक बादली धरून चौघांना सव्वा युनिट. साठवणीच्या (टाकीवाल्या) गिझरवर बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, स्टार लेबल सक्तीचं आहे, पण जास्त तारे म्हणजे पाणी लवकर तापतं असं नव्हे; टाकीतली उष्णता कमी वाया जाते, एवढंच.

सोलरला ऊन फुकट, खर्च सगळा सुरुवातीला. पावसाचे चार महिने मात्र तो बहुतेक आतल्या विजेच्या कॉइलवरच. शिवाय खारा वारा. माझ्या गच्चीवरचा स्टँड तिसऱ्या वर्षी बोल्टापाशी गंजून पापुद्रे सुटायला लागला, आणि माडाच्या एका झावळीने सोलरच्या दोन काचेच्या नळ्या फोडल्या. (नारळ पडला नाही हे नशीब.)

घर बारमाही भरलेलं, गच्चीला दक्षिणेचं मोकळं ऊन असेल तर सोलरच, स्टँड गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) घेऊन. गणपती-शिमग्यापुरतं उघडणारं घर किंवा माडांच्या सावलीतलं कौलारू असेल तर फाइव्ह-स्टार गिझर.