दही, प्रोबायोटिक कॅप्सूल की तंतू: पोटातल्या जिवाणूंसाठी काय घ्यावे?

तिन्ही गोष्टी ‘पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी’ म्हणूनच घेतल्या जातात, पण तिघांचे काम एक नाही. दही आणि कॅप्सूल यांतून बाहेरचे जिवाणू आत जातात. तंतूंमधून (फायबर) जिवाणू जातच नाहीत, आत राहणाऱ्यांचे जेवण जाते.

आत राहणारे किती? २०१६ साली केलेल्या हिशेबानुसार सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. (‘पेशींच्या दहापट जिवाणू’ हे जुने वाक्य अजून फिरते आहे, ते सोडून द्यावे.) बहुतेक सगळे जिवाणू मोठ्या आतड्यात. १,००० कोटींची एक कॅप्सूल या गर्दीत गेली तर प्रमाण पडते ३,८०० ला एक. शिवाय आलेले जिवाणू सहसा मुक्काम करत नाहीत: घेणे थांबवले की साधारण एक-दोन आठवड्यांत शौचातून दिसेनासे होतात. म्हणून ‘आतड्यात नवी वस्ती वसवते’ असा दावा डब्यावर दिसला तर तो जाहिरातीच्या खात्यात टाकावा. पाहुणेही वाटेत काम करून जातात, पण ते काम नेमके कोणते, हे आधी विचारायला हवे.

कॅप्सूल: ठरावीक कामासाठी, ठरावीक दिवस

लेबलवर नावाचे तीन भाग शोधा: गण (जीनस), जाती (स्पीशीज) आणि वाण (स्ट्रेन). ‘लॅक्टिकेसीबॅसिलस रॅम्नोसस जीजी’ यातले शेवटचे ‘जीजी’ सगळ्यात महत्त्वाचे, कारण चाचण्या वाणावर होतात, जातीवर नाही. नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिले असेल तर नेमके काय विकत घेतले हे कळायला मार्ग नाही. २०२० साली या गणाची २५ गणांत फेरवाटणी झाली, त्यामुळे एकाच वाणाची जुनी आणि नवी अशी दोन नावे बाजारात दिसतात. वाणाचा संकेतांक जुळला की पुरे.

मग आकडा. सीएफयू म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची मोजणी. ती ‘उत्पादनाच्या वेळी’ दिली आहे की ‘मुदत संपेपर्यंत’, हे बघा. ओलावा आणि उष्णता यांनी साठवणीतच संख्या घसरते, म्हणून कॅप्सूल मूळ बाटलीतून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नयेत. आणि मोठा आकडा म्हणजे जास्त गुण, असेही नाही. वारंवार पोट दुखणे आणि शौच बिघडणे अशा आतड्याच्या संवेदनशीलतेच्या विकारावर (आयबीएस) एका बिफिडोबॅक्टेरियमची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तीन मात्रा होत्या: १० लाख, १० कोटी आणि १,००० कोटी. फायदा दिसला तो फक्त मधल्या मात्रेत. सगळ्यात मोठ्या मात्रेची भुकटी ओली झाल्यावर डिंकासारखा घट्ट गोळा होत होता. जिवाणू भरपूर होते, पण कॅप्सूलमधून सुटतच नव्हते.

कॅप्सूल सगळ्यात उपयोगी पडते ती अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला. इथे दोन नावांना चांगला आधार आहे: वर सांगितलेले जीजी आणि ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’. दुसरे खरे तर जिवाणू नाही, यीस्ट आहे, म्हणूनच जिवाणू मारणारे अँटिबायोटिक त्याला मारत नाही. मुलांसाठीच्या शिफारशीत दिवसाला किमान ५०० कोटी सीएफयू सांगितले जातात, तेही अँटिबायोटिक सुरू होतानाच. जुलाब लागल्यावर धावाधाव करून घेतल्यास प्रतिबंधाची वेळ निघून गेलेली असते. जिवाणूंची कॅप्सूल आणि अँटिबायोटिक यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. बुलार्डी घेत असाल आणि बुरशीविरोधी औषध चालू झाले, तर मात्र ते बुलार्डीलाच मारेल.

याला दुसरी बाजूही आहे. २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचे मिश्रण घेणाऱ्यांमध्ये मूळचे जिवाणू परतायला उशीर लागला. काहीच न घेणाऱ्यांचे लवकर सावरले. त्यामुळे जुलाब टाळायला कोर्सपुरती कॅप्सूल ठीक, पण ‘पोट पूर्ववत व्हावे’ म्हणून पुढे महिनोन्‌महिने घेण्याला आमचा कौल नाही.

मुलाला आधीच लागलेल्या जुलाबांचे काय? २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत जीजीने आणि दुसरीत वेगळ्या दोन वाणांच्या मिश्रणाने, काही फरक पडला नाही. तिथे पहिले काम क्षार-साखरेच्या पाण्याचे. स्तनपानावरच्या तान्ह्या बाळाच्या पोटशूळासाठी ‘रॉयटेरी डीएसएम १७९३८’ हा वाण, दिवसाला १० कोटी, डॉक्टरांना विचारून देऊन बघता येतो. वरच्या दुधावरच्या बाळांमध्ये तसा पुरावा मिळालेला नाही.

दही: रोजचे, स्वस्तातले, पण नाव नसलेले

दह्याला कमी लेखायचे कारण नाही. योगर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार विरजणाचे जिवाणू ग्रॅममागे किमान १ कोटी हवेत. म्हणजे १०० ग्रॅमची वाटी १०० कोटींची झाली, एखाद्या साध्या कॅप्सूलइतकी. फरक असा की घरच्या विरजणात कोणते वाण आहेत हे माहीत नसते, म्हणून कॅप्सूलच्या चाचणीतला निष्कर्ष दह्याला लावता येत नाही.

दुधाने पोट बिघडणाऱ्यांसाठी मात्र दहीच सरस. त्यातल्या जिवाणूंचे लॅक्टेज विकर लहान आतड्यात मोकळे होते आणि दुधातली साखर तिथेच फोडते. यासाठी जिवाणू जिवंत हवेत: ‘किण्वनानंतर उष्णता-प्रक्रिया केलेले’ असे लिहिलेल्या डब्यात हा गुण उरत नाही, आणि दही उकळत्या रश्शात घातले तरी तेच.

एक चूक नेहमीची: अँटिबायोटिक दह्याबरोबर गिळणे. टेट्रासायक्लिन गट किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन असेल तर दह्यातले कॅल्शियम औषधाला धरून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही. वेळा वेगळ्या ठेवा.

तंतू: हळू, पण मुळाशी

मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेले तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी लहान साखळीची आम्ले बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. ते बनवणाऱ्यांत आघाडीवर असलेला ‘फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी’ प्राणवायू लागला की मरतो, म्हणून नेहमीच्या कॅप्सूलमध्ये तो मिळत नाही. त्याला वाढवायचे तर आत असलेल्यालाच खायला घालावे लागते.

प्रौढाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. डाळी, कडधान्ये, ओट्स, कांदा, लसूण, फळे, भाज्या यांतून ते जमते. पावडर घ्यायची तर चिकोरीचे इन्युलिन बद्धकोष्ठावर दिवसाला १२ ग्रॅम मात्रेत उपयोगी ठरले आहे. पण पहिल्याच दिवशी १२ ग्रॅम घेतले तर पोट ढोलासारखे फुगते आणि माणूस तिसऱ्या दिवशी डबा कपाटात टाकतो. २-३ ग्रॅमने सुरुवात करा, दर आठवड्याला २ ग्रॅम वाढवा, पाणीही वाढवा. आयबीएस असेल तर इन्युलिन बहुधा त्रासच देते. इसबगोल हळू आंबते, गॅस कमी होतो.

कोणी काय निवडावे

अँटिबायोटिक सुरू होणार आहे: नाव आणि मात्रा नीट लिहिलेली कॅप्सूल, कोर्सपुरती. दूध सोसत नाही: जिवंत दही. बद्धकोष्ठ किंवा एकूण आहारच निकस: तंतू, सोबत दही. निरोगी माणसाने रोज कॅप्सूल घेण्याइतका पुरावा आम्हाला दिसत नाही. आयबीएसमध्ये करून बघायचेच असेल तर एकच वाण, चार आठवडे, दुसरा कोणताही बदल न करता. पोटफुगी आणि शौचाची रोज एक ओळ नोंद. फरक दिसला नाही तर बंद.

काहींनी मात्र डॉक्टरांशिवाय कॅप्सूलला हात लावू नये: मोठ्या शिरेत नळी असलेले, प्रतिकारशक्ती खालावलेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळे. बुलार्डीची कॅप्सूल अशा रुग्णाच्या खाटेशेजारी उघडली तरी भुकटी हातावाटे नळीत जाऊन रक्तात यीस्ट वाढल्याच्या नोंदी आहेत. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांवरची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली: प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ६ टक्के.