‘काइंड ऑफ ब्लू’ आणि पांढरी दोन

पेटीवर पांढरी दोनचा, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरला, भाता हलकेच चालू ठेवला आणि जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डची पहिली बाजू लावली. त्यातलं पहिलं ‘सो व्हॉट’ पांढरी दोनचंच. कोमल ग, कोमल नी, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. पण पॉल चेंबर्सचा बास सुरू झाला आणि सूर जुळेना. रेकॉर्ड स्पष्ट चढी वाजत होती, पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी.

पेटी शिकवण्यात पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे असं काही कानाला लागलं की मला चैन पडत नाही. जॅझ रेकॉर्डवर चांगलं वाजतं की डिजिटलवर, हे स्वतः ऐकून ठरवायचं म्हणून ही जुनी एलपी हौसेने आणली होती. पहिला संशय टर्नटेबलवर गेला. वेग तपासायची स्ट्रोबची चकती ठेवून ट्यूबलाइटखाली पाहिलं, रेषा जागच्या जागी. वेग बरोबर होता. मग बाजू उलटली, तर ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला बिनचूक मिळालं!

कारण मूळ मुद्रणातच आहे. पहिल्या बाजूचं काम २ मार्च १९५९ ला झालं, न्यूयॉर्कच्या ३० व्या स्ट्रीटवर, पूर्वी चर्च असलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत. त्या दिवशी टेप मशीन किंचित मंद चालत होतं, म्हणून ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. २२ एप्रिलला दुसरी बाजू झाली, तेव्हा ही अडचण नव्हती. १९९२ च्या आवृत्तीत दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून दुरुस्ती झाली. तेव्हा जुनी एलपी आणि आजचं स्ट्रीमिंग शेजारी ठेवून कुणी म्हणालं, की रेकॉर्डवर ट्रंपेटला जास्त धार आहे, तर ती धार विनाइलची असेलच असं नाही. चढ्या सुराचीही असते.

म्हणून दुरुस्त वेगाचं नवं प्रेसिंग घेतलं आणि सीडीसमोर ठेवलं. अँप्लिफायर तोच, स्पीकर तेच. दोन्हींचा आवाज मोबाइलवरच्या डेसिबल अॅपने सारखा करून घेतला. जे जरा मोठं वाजतं ते कानाला आपोआप गोड लागतं, त्यामुळे हे टाळू नका.

‘सो व्हॉट’मध्ये माइल्सचा सोलो सुरू होताना ड्रमर जिमी कॉबची झांज पडते. रेकॉर्डवर ती विरत जाताना ऐकायला मला जास्त आवडली, सीडीवर तिचा आघात जास्त नेमका आला. इथवर बरोबरी. पण ‘ब्लू इन ग्रीन’ बाजूच्या अगदी शेवटी येतं. सुई लेबलाजवळ पोचली की एका फेरीतली खाच आखूड होते आणि तेवढ्याच वेळाचा नाद कमी जागेत कोंबावा लागतो. म्यूट लावलेला ट्रंपेट तिथे माझ्याकडे जरा खरखरला, सीडीवर निर्मळ. या तुकड्यापुरतं डिजिटल निर्विवाद पुढे आहे.

पियानोवादक बिल इव्हान्सच्या ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या रेकॉर्डचं मात्र उलट. २५ जून १९६१, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात श्रोत्यांसमोरचं मुद्रण. ‘माय फूलिश हार्ट’ने सुरुवात, म्हणजे बाहेरची, लांबलचक फेरीची खाच. ड्रमवर पॉल मोशनचे ब्रश, मागे किणकिणणारे ग्लास, कुणाचं तरी हलकं बोलणं, आणि स्कॉट लाफारोचा बास इतका जवळ की तारेवरून सरकणारं बोट कळतं. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. हे माहीत असल्यावर ती बाजू लावून दुसरं काम करता येत नाही. मी दिवा मालवून ऐकत बसले. धुळीची चटचट होतीच, तरी माझं मत रेकॉर्डला.

नव्या रेकॉर्डवर ‘अॅनालॉग’, म्हणजे वाटेत कुठेही डिजिटल नाही, असं लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. २०२२ साली अमेरिकेतल्या एका महागड्या रेकॉर्ड कंपनीने मान्य केलं, की त्यांच्या कित्येक रेकॉर्डींच्या वाटेत डिजिटल टप्पा होता. ज्यांनी त्या वर्षानुवर्षं डोक्यावर घेतल्या होत्या, त्यांच्या कानांना तो खुपला नव्हता.

जुनी एलपी मी काढून टाकलेली नाही. ‘ऑल ब्लूज’ तिच्यावरच ऐकते, पेटी सोबत घेऊन.